मार्थामावशींच्या अर्जातून गाळलेला मुद्दा

माझ्याकडे माझ्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत आहे. महापालिका, वीज कंपनी, वर्तमानपत्रे, चर्चची कमिटी – चाळीस वर्षांत ज्यांना ज्यांना पत्रे लिहिली, त्या सर्व पत्रांच्या नकला क्रमांक घालून फायलींत लावलेल्या आहेत. फक्त दोन कागदांच्या नकला मी ठेवल्या नाहीत. त्या कागदांविषयी मी ना पत्नीशी बोललो, ना पाळकांशी, ना प्रार्थनेत. जो सर्व जाणतो त्याला वेगळे काय सांगायचे, अशी स्वतःची समजूत घालत आलो. युक्तिवाद चांगला होता. माझे युक्तिवाद नेहमीच चांगले असतात.

या वर्षी आमच्या गिरगावातल्या चर्चच्या मंडळीची स्मरणिका निघते आहे. आमचे तरुण पाळक घरी आले आणि म्हणाले, “परबकाका, तुमची साक्ष हवी. मार्थामावशींची ती गोष्ट. तुमच्याइतकं अचूक कोण लिहिणार?” अचूक! मी होकार दिला, कागद घेतला, आणि चौथ्या ओळीवर उठलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. असे अकरा दिवस चालले. ही गोष्ट मी वेदीपाशी उभा राहून इतक्या वेळा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. मग कागदावर का उतरेना? कारण बोललेले हवेत विरते. कागद मात्र पुरावा असतो. हे मला चांगले ठाऊक आहे – फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत मी सदतीस वर्षे मॅनेजिंग क्लार्क होतो.

तेव्हा आधी सर्वांना ठाऊक असलेली बाजू सांगतो. तीही खरीच आहे.

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत, गाव मालवणकडचे. मी चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यवाह होतो. मंडपाच्या परवानगीपासून ध्वनिक्षेपकाच्या वेळेपर्यंत सगळा पत्रव्यवहार माझा. पंचेचाळिशी उलटली तेव्हा फुफ्फुसात पाणी झाले आणि परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात सहा आठवडे पडून राहिलो. तिथेही स्वस्थ बसलो नाही. पंख्याबद्दल अर्ज, डाळीबद्दल अर्ज, भेटीची वेळ न पाळणाऱ्या नातलगांबद्दल अर्ज. वॉर्डातल्या आया – त्यांना तिथे सगळे मावशीच म्हणतात – मला ‘अर्जवाले’ म्हणत.

मार्थाबाई साळवे त्यांच्यापैकी एक. विधवा, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. सकाळी बेडपॅन घेऊन आल्या की विचारायच्या, “काय साहेब, आजचा अर्ज कुणाच्या नावानं?” आणि फरशी पुसताना त्यांचे ओठ सतत हलत असायचे. एक दिवस मी खेकसलो, “सारखं काय पुटपुटता?”

“प्रार्थना करते. एक नंबरच्या खाटेपासून सुरू करते, बत्तीस नंबरला फरशी संपते.”

“माझ्यासाठी काय मागता?”

“अकरा नंबरचं पाणी उतरू दे. आणि थोडा रागही उतरू दे.”

मला हसू आले. आजारपणात पहिल्यांदाच. पुढे फुफ्फुसातले पाणी सुईने काढण्याचा दिवस उजाडला आणि मी – जो कुणाला भीत नाही म्हणून प्रसिद्ध – भीतीने गार पडलो. मीच त्यांना हाक मारली. मीच म्हणालो, “मावशी, नंबर नको. आज नाव घेऊन करा.” त्यांनी ओला हात पदराला पुसला, माझ्या कपाळावर ठेवला आणि चार साधी वाक्ये बोलल्या. त्या चार वाक्यांत मला कोणीतरी ओळखते आहे असे वाटले. याहून अधिक चांगले वर्णन मला आजही करता येत नाही. ते घडले. साक्ष देताना त्याबद्दल मी कधीही खोटे बोललेलो नाही.

नंतर पुस्तकही मीच मागितले. त्यांच्याकडचे शुभवर्तमानाचे छोटे पुस्तक, कडा झिजलेले. मी ते करारनाम्यासारखे वाचले – पेन्सिलीने खुणा करत, विसंगती शोधत. त्यांना अडवायचो. इथे असे लिहिले आहे, तिथे तसे, याचे काय? त्या म्हणायच्या, “ते मला नाही कळत साहेब. तुम्ही वाचा आणि मला सांगा.” वादात त्यांनी मला एकदाही जिंकू दिले नाही, कारण त्या वादच घालत नसत. घरी परतताना पुस्तक माझ्या पिशवीत होते.

इथपर्यंतची गोष्ट मंडळीत सर्वांना पाठ आहे. पुढचीही – की रुग्णालयाने मार्थामावशींवर धर्मप्रचाराचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकले, की मी त्यांच्यासाठी अर्ज लिहिला, की तो फेटाळला गेला, की या अन्यायाविरुद्ध मी वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली, घटनेचा पंचविसावा अनुच्छेद उद्धृत केला, आणि शेवटी बाप्तिस्मा घेतला. यातले एकही वाक्य असत्य नाही. तुमच्या लक्षात येते आहे ना? एकही नाही. सत्य वाक्ये एकापुढे एक ठेवून खोटी गोष्ट उभी करता येते. हे काम मी पोटापाण्यासाठी शिकलो होतो.

आता उरलेले.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत आईच्या हाती ते पुस्तक लागले. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. “ह्या काय हाडलंस रे घरात?” एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, “हॉस्पिटलात कुणीतरी उशाशी ठेवलं.” पहिले खोटे ते. लहानसे, घरगुती. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या आईला दुखवायचे नव्हते. नाही. मला मंडळाचे कार्यवाहपद सोडायचे नव्हते. जिन्यात लोक बाजूला सरून वाट देत, ते सोडायचे नव्हते.

पंधरा दिवसांनी रुग्णालयाचे पत्र आले. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या पुतण्याने तक्रार केली होती की एक आया रुग्णांना पुस्तके वाटते, त्यांच्यावर प्रार्थना लादते. चौकशी सुरू होती. आपण प्रत्यक्ष अनुभव घेतलेले रुग्ण आहात, तरी आपले लेखी निवेदन द्यावे. मी उत्तर दिले नसते तरी चालले असते. तसे बंधन नव्हते. पण ते पाकीट आईसमोर फुटले होते, पोस्टमनच्या मागोमाग शेजारचे दोघे दारात उभे राहिले होते, आणि मंडपाच्या कामाला नुकतीच सुरुवात झाली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. पत्राला उत्तर न देणारा परब कुणी पाहिला होता?

मी लिहिले. मजकूर तोंडपाठ आहे, म्हणून जसाच्या तसा देतो. “सदर आयाबाईंनी मी न मागता माझ्या उशाशी धार्मिक पुस्तक ठेवले. आजारपणामुळे मी विरोध करू शकलो नाही. त्यांच्या प्रार्थनेचा मला मनस्ताप झाला.” तीन वाक्ये. खाली सही.

सुनंदा, माझी पत्नी, ओट्यापाशी उभी होती. ती रोज दुपारी डबा घेऊन वॉर्डात येत असे. तिने सारे डोळ्यांनी पाहिले होते. तिने हळूच विचारले, “न मागता दिलं होतं का हो?”

“तू यात पडू नकोस.”

ती पडली नाही. आजतागायत नाही. ती आजही देव्हाऱ्यापुढे दिवा लावते, मी रविवारी चर्चला जातो, आणि आम्ही एकमेकांना अडवत नाही. मंडळीतले काही जण मला विचारतात, इतक्या वर्षांत पत्नीचे मन का वळले नाही? मी म्हणतो, प्रभूची वेळ असते. खरे उत्तर मला माहीत आहे. तिने मला ते निवेदन लिहिताना पाहिले आहे.

थांबा. अजून मूळ गोष्ट बाकी आहे. इथवर लिहिलेले वाचून तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला, कच खाल्ली, असे होते. येशूच्या एका शिष्यानेही तीन वेळा त्याची ओळख नाकारली होती. नाही – ती उपमा मला देऊ नका. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तो भाग वाचायला मंडळी मलाच उभे करते, आणि दर वर्षी मला तो फरक नव्याने कळतो. तो शिष्य बाहेर जाऊन ढसाढसा रडला. मी बाहेर गेलो आणि पाकिटाला तिकीट लावले.

मार्थामावशींना काढून टाकल्यावर दोन महिन्यांनी त्या फोर्टला माझ्या कचेरीत आल्या. हातात कामावरून काढल्याचा हुकूम. नोकरी कोणाच्या निवेदनावरून गेली, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना कोणी काही दाखवलेच नव्हते. “तुम्ही अर्जवाले,” त्या हसून म्हणाल्या, “पंख्यासाठी लिहिलात, डाळीसाठी लिहिलात. आता माझ्यासाठी लिहा.”

मी हुकूम वाचला आणि दुसऱ्याच परिच्छेदात मला ते दिसले. जो कायद्याच्या कचेरीत एक वर्ष बसला आहे अशा कोणालाही ते दिसले असते. त्यांच्याविरुद्धची निवेदने त्यांना दाखवलेली नाहीत. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी दिलेली नाही. एवढा एक मुद्दा अपिलात मांडला असता तर तो हुकूम टिकणे शक्य नव्हते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला पुरावा दाखवावा लागतो. याच तत्त्वासाठी मी उभा जन्म लोकांशी भांडलो आहे. शाळेतून काढलेल्या मुलांसाठी, निलंबित कारकुनांसाठी, ज्यांची नावेही आता आठवत नाहीत अशांसाठी.

पण मुद्दा मांडला की निवेदने मागवावी लागतील. निवेदने आली की त्यांत माझी सही.

मी तो मुद्दा गाळला.

विसरलो नाही. गाळला. नीट बसून, विचार करून, जसा शिंपी उसवायची शिवण निवडतो तसा. त्याऐवजी चार पाने लिहिली – त्यांचे वैधव्य, त्यांची सतरा वर्षांची सेवा, कॉलेजात शिकणारी मुलगी. ज्या माणसाने आयुष्यात कुणाची दया मागितली नाही, त्याने दुसऱ्याच्या नावाने चार पाने दया मागितली, आणि हक्काचे एक वाक्य लिहिले नाही. अर्ज फार सुंदर उतरला होता. वाचून दाखवला तेव्हा मार्थामावशींच्या डोळ्यांत पाणी आले. “किती छान लिहिलंत साहेब,” त्या म्हणाल्या. दीड महिन्यात फेटाळला गेला. ‘सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि’ – असे उत्तर येणार हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होते.

त्या वर्षीच्या नाताळात त्यांची मुलगी एस्तेर माझ्या कचेरीत करंज्यांचा डबा घेऊन आली. “आईनं दिलाय काका. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत.” मी डबा घेतला. करंज्या कचेरीत वाटल्या. एक खाल्लीही.

तेव्हा एस्तेर परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. मार्चमध्ये तिने ते सोडले आणि दादरला साड्यांच्या दुकानात घड्या घालायला लागली. मला हे त्याच वर्षी कळले. मी हळहळ व्यक्त केली.

पुढे मी मार्थामावशींच्याच, गिरगावच्या चर्चला जाऊ लागलो. प्रथम शेवटच्या बाकावर, चाळीत कोणाला न कळवता. बाप्तिस्मा घेतला तो आई गेल्यावर, तीन वर्षांनी. आणि मग माझ्यात केवढे शौर्य आले! मंडळाचा राजीनामा दिला, चाळीत ताठ मानेने हिंडलो, श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर संपादकांना पत्रे लिहिली. गमावण्यासारखे काही उरले नाही तेव्हा मी निर्भय झालो. साक्ष देऊ लागलो. दादरचा एक बँक कर्मचारी आणि माहीमचे एक निवृत्त शिक्षक, दोघे मला सांगत आले की तुमच्या साक्षीने आम्ही प्रभूकडे वळलो. त्यांचे काय? त्यांचा विश्वास खोट्या पायावर आहे का? मी रात्रंदिवस हा प्रश्न स्वतःला विचारतो आणि त्याचे उत्तर मला देता येत नाही. कारण माझा विश्वासही खोटा नाही. तोच तर माझा छळ आहे. मी ढोंगी असतो तर निवांत झोपलो असतो. मी रोज पहाटे प्रार्थना करतो, आणि ती ऐकली जाते हे मला कळते, आणि ऐकणारा वाट पाहतो आहे हेही कळते.

आणि मी साक्ष द्यायचो तेव्हा मार्थामावशी तिसऱ्या बाकावर बसलेल्या असायच्या. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर केवढे समाधान. त्यांच्या चार वाक्यांचे हे फळ – म्हणजे मी.

अकराव्या दिवशी स्मरणिकेचा कागद तसाच ठेवून मी वरळीला गेलो. बीडीडी चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये मावशींना चौदाव्या मजल्यावर घर मिळाले आहे. गुडघे गेले आहेत. पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून आनंदल्या. मी उभ्यानेच सांगितले. आधी निवेदन, मग गाळलेला मुद्दा. निवेदनाचे ऐकून त्या फक्त म्हणाल्या, “हं.” पण दुसरी गोष्ट त्यांना पटकन उमगेना.

“म्हणजे ते कागद मागितले असते तर नोकरी राहिली असती?”

“बहुतेक राहिली असती.”

“बहुतेक काय? तुम्ही कायद्याचे माणूस. नीट सांगा.”

“राहिली असती.”

त्यांनी मेथीचे ताट बाजूला सरकवले. मी क्षमेचा शब्द उच्चारायला तोंड उघडले, तशी त्यांनी हात वर केला. वॉर्डात गोंगाट करणाऱ्या नातलगांना थांबवायच्या तसा.

“माझं मी प्रभूशी बघते. शिक्षण एस्तेरचं गेलं. तिला सांगा. सातला येते ती. बसा.”

तेव्हा सव्वापाच वाजले होते. मी बसलो. त्यांनी चहा विचारला नाही आणि मी अपेक्षाही केली नाही. उठून जाण्याची निदान सहा कारणे मला त्या पावणेदोन तासांत सुचली, सगळी सयुक्तिक. साडेसहाला मी चपला घातल्यासुद्धा. मावशींनी पाहिले. मी पुन्हा काढल्या.

एस्तेर आली. आता ती पंचेचाळिशीची आहे. दादरच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. “अय्या, परबकाका! कधी आलात? आणि आई, चहा नाही का केलास त्यांना?” मावशी खिडकीकडे बघत राहिल्या. मी सांगितले. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता तिने सगळे ऐकले. मध्ये एकदा म्हणाली, “मी करंज्या घेऊन आले होते.” मी हो म्हणालो. एकदा म्हणाली, “आमच्या बॅचच्या दोघी आता मेट्रन आहेत.”

मग तिने पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, आणि आईच्या गोळ्यांचा डबा काढून उजेडात धरला.

“झालं सांगून?”

“झालं.”

“मग उठा. आईची जेवायची वेळ झालीय.”

मी उठलो.